चौकटीच्या कडेला

वाचकहो, आपल्या घरी पत्र्याच्या पेटीत, कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा साडीच्या एखाद्या रिकाम्या खोक्यात जुनी छायाचित्रे असतीलच. फुरसतीच्या वेळी ती बाहेर काढा आणि पाहताना एक लहानसा प्रयोग करा. ज्याच्यासाठी ते चित्र काढले गेले त्या माणसावरून नजर थोडी बाजूला सारा आणि चित्राच्या चारी कडा निरखून पाहा. भिंतीवरील दिनदर्शिका, खुंटीला अडकवलेली छत्री, दोरीवर वाळत घातलेले तान्ह्या मुलाचे दुपटे, रेडिओवर घातलेले विणकामाचे आच्छादन, अशा वस्तू तेथे मुकाट्याने उभ्या असतील. चित्र काढणाऱ्याने त्यांना बोलावले नव्हते. कित्येकदा तर त्या नकोशाच झाल्या असतील. परंतु पन्नास वर्षांनंतर आपण ज्या गोष्टीवर बोट ठेवून ‘अरे, ही आपली ती...’ असे म्हणतो, ती बहुधा कडेचीच असते.

माझ्या वडिलांनी १९६६ साली काढलेले असेच एक छायाचित्र माझ्यापाशी आहे. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस होते. या कारखान्याविषयी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. तेव्हा विदर्भातील माणसाला भिलाई काही परमुलूख वाटत नसे. गाडीत बसले की त्याच मुंबई-हावडा मार्गावर पुढे दुर्ग येई. वडील तसेच आले, त्यांच्यामागून आई आली, आणि सेक्टरमधील क्वार्टरसमोर तिला उभी करून त्यांनी हे चित्र काढले.

कॅमेरा होता आगफा क्लिक थ्री. तो बडोद्यास तयार होत असे आणि त्या काळच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत तो पहिला व शेवटचा कॅमेरा ठरला. त्याला फारसे काही जुळवावे लागत नसे. ऊन की ढग एवढे ठरवायचे, डोळ्याशी घट्ट धरून श्वास रोखायचा आणि कळ दाबायची. एका रिळात बारा चौकोनी चित्रे निघत. आमच्या घरी एक रीळ दिवाळीला घातले तर गुढीपाडव्यापर्यंत पुरे. यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी मोठी सिद्धता चाले. त्या दिवशीही वडिलांनी अंगणातील बादली आत नेली, कपड्यांची दोरी सोडली, मला तोंड धुवून आईच्या शेजारी उभे केले. एवढे सर्व करूनही चित्रात एक गोष्ट शिरलीच. डाव्या कडेला कुंपणावरून एक हात आला आहे. हातात काचेच्या बांगड्या आहेत आणि तळव्यावर झाकण घातलेली वाटी आहे. शेजारीण काहीतरी देत होती. ‘हात मध्ये आला, चित्र वाया गेले’ असे वडील पुढे कित्येक वर्षे म्हणत.

आज त्या चित्राकडे पाहताना माझी नजर प्रथम त्या हाताकडे जाते. आमच्या शेजारी कधी मल्याळी, कधी बंगाली, कधी तेलुगू, कधी पंजाबी कुटुंबे राहून गेली. त्यांतील हा हात कोणाचा, वाटीत काय होते, हे आता सांगू शकेल असे घरात कोणी उरले नाही. आई असताना मी विचारले नाही. तेव्हा माझ्याही दृष्टीने तो चित्रातला दोषच होता.

भिलाईची अधिकृत छायाचित्रे पुष्कळ आहेत. भट्ट्या, धुराडी, वितळलेल्या लोखंडाचा झोत यांची चित्रे निष्णात माणसांनी काढली आणि ती संग्रहांतून जपली गेली. त्या काळच्या भारतीय उद्योगांची चित्रे पाहायची झाली, तर मित्तर बेदी किंवा सुनील जाना यांची नावे आजही आदराने घेतली जातात. पण त्या धुराड्यांखाली राहणाऱ्या घरांत शेगडी कशी होती, मुले कोणती पाटी घेऊन शाळेत जात, कुंपणावरून वाट्या कशा फिरत, हे पाहायचे तर घरोघरच्या बारा-बारा चित्रांच्या रिळांकडेच जावे लागेल. हौशी माणसाचे काम एरवी फारसे मोलाचे नसते. तेथे मात्र त्याची जागा दुसरा कोणी घेऊ शकत नाही.

या कडेच्या माणसाचा इतिहास छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर याने उंच खिडकीतून एका रुंद रस्त्याचे चित्र घेतले. तेव्हा एका चित्राला काही मिनिटे लागत. रस्त्यावर गाड्या, घोडे, पादचारी सर्व काही होते. परंतु जे चालत होते ते पटलावर उमटलेच नाही. एका कोपऱ्यात एक गृहस्थ बुटांना पॉलिश करून घेत एक पाय वर ठेवून उभा होता, तेवढा उमटला. छायाचित्रात सापडलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही, आणि त्याच्या पायाशी बसून पॉलिश करणारा तर त्याच्याहून पुसट दिसतो. दागेरला या दोघांपैकी कोणाचेच चित्र काढायचे नव्हते.

पुढे काच आणि रसायने सुधारली, मिनिटांचे क्षण झाले. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८६० साली अशा झटपट चित्राला शिकाऱ्यांच्या भाषेतला शब्द दिला. नेम न धरता चटकन झाडलेली गोळी म्हणजे ‘स्नॅपशॉट’. हा शब्द मला कधीच फारसा आवडला नाही. पण त्यात एक खरेपणा आहे हे मान्य करावे लागते. चित्र काढणारा घेऊन जातो, आणि ज्याचे चित्र निघाले तो बहुधा रिकाम्या हाताने उरतो.

आपल्याकडेही ही हौस फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. व्यवसाय वैद्यकाचा आणि हौस कॅमेऱ्याची. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचाच व्यवसाय करीत होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर येण्याआधी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून एक छोटा चित्रपट तयार केला होता, त्याची मला अधिक अपूर्वाई वाटते. ना राजा, ना राणी. कुंडी, माती आणि एक कोंब. रोजच्या वस्तूकडे रोज पाहिले तर ती काय करते, एवढेच त्यांना दाखवायचे होते.

आता माझ्याविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण पुढील हकिगतीत दोष माझा आहे. दुर्ग-भिलाई या जुळ्या वस्तीतील पद्मनाभपुर येथे मी राहतो. निवृत्तीनंतर सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडण्याची सवय लागली. आमच्याकडे मार्चपासून प्रकाश फार कठोर होतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठानंतर चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे उमटतात, तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवणे बरे. थंडीत मात्र सूर्य कललेला असतो, ऊन कोवळे असते, आणि भाजी बाजारातील ताडपत्रीतून गाळून येणारा प्रकाश तर कोणत्याही चित्रशाळेला हेवा वाटावा असा असतो. घरी चित्रे काढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. माणसाला उन्हात उभे करू नका, दारात उभे करा. दाराची सावली डोक्यावर आणि अंगणाचा उजेड चेहऱ्यावर आला की महागड्या दिव्यांची गरज उरत नाही.

अशाच एका डिसेंबरच्या सकाळी भाजी विकणाऱ्या एका बाईचे चित्र मी काढले. तिच्यापुढे लाल भाजीचा ढीग होता आणि त्याची तांबूस छटा तिच्या हनुवटीवर आली होती. मी विचारले, ती हसली, मी तीन-चार चित्रे घेतली. तिने विचारले, ‘फोटो मिलही का बाबूजी?’ मी म्हटले, पुढल्या आठवड्यात आणून देतो.

वाचकहो, हौशी छायाचित्रकाराच्या तोंडचे हे वाक्य कधी खरे मानू नका. धंदेवाईक छायाचित्रकाराला गिऱ्हाईक असते, ते पावती घेऊन दारात उभे राहते. हौशी माणसाला कोणी जाब विचारीत नाही, म्हणून त्याचे ऋण वाढत जाते. शिकागोमध्ये मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईने रस्त्यावरील सामान्य माणसांची एक लाखाहून अधिक चित्रे घेतली. २००७ साली भाडे थकल्यामुळे तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा ती लोकांसमोर आली. शेकडो रिळे तर धुतलेलीही नव्हती. जग तिच्या नजरेची वाहवा करते आणि ते योग्यच आहे. मला मात्र राहून राहून त्या चित्रांतील माणसांची आठवण येते. आपले असे चित्र कुठे आहे हे त्यांतील कितीजणांना कधी कळले असेल? आता तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये हजारो चित्रे असतात आणि कागदावर उतरते ते शंभरात एखादेही नाही. माझेही तेच झाले. पुढला आठवडा गेला. तिने दोन-तीनदा आठवण केली. मग मला तिच्यासमोरून जाण्याचा संकोच वाटू लागला आणि मी दुसऱ्या गल्लीतून भाजी आणू लागलो. दहा रुपयांच्या छापासाठी साठीपुढच्या माणसाने रस्ता बदलावा, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

पुढला नोव्हेंबर उजाडला तेव्हा मनाचा हिय्या करून मी चित्र छापून घेतले. उशिराची भरपाई म्हणून मोठ्या आकारात घेतले. त्यापूर्वी संगणकावर त्याची नीट छाटणीही केली. मूळ चित्रात तिच्यामागे उजव्या कडेला एक म्हातारा बसला होता. तो भाजीच्या जुड्या बांधीत होता, त्याचा हात हलल्यामुळे पुसट आला होता आणि चेहरा चौकटीने अर्धा कापला होता. छायाचित्रणाच्या कोणत्याही पुस्तकात सांगितले असते तेच मी केले. त्याला काढून टाकले. चित्र एकदम स्वच्छ झाले. फक्त ती, तो लाल ढीग आणि ते ऊन.

तिने पदराला हात पुसले आणि चित्र दोन्ही कडांनी धरून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग कागद थोडा वाकवून, जणू काही मागे दडले असावे तसे कडेला डोकावून तिने विचारले, ‘सियान कहाँ गे?’

म्हातारबाबा कुठे गेले? मला प्रथम कळलेच नाही. शेजारच्या कांदेवाल्याने खुलासा केला. तो म्हातारा तिचा सासरा. सावन महिन्यात वारला. चित्र काढताना तो मागेच बसला होता हे तिला पक्के आठवत होते, आणि म्हणूनच ती इतक्या दिवसांनीही त्या चित्राची वाट पाहत होती. घरी त्याचे दुसरे चित्र नव्हते. आधार कार्डावरचे तेवढे होते, अंगठ्याएवढे आणि इतके काळवंडलेले की नातवंडे ते पाहून घाबरत.

मी घरी आलो. माझ्या सवयीप्रमाणे छाटलेले चित्र मूळ चित्रावरच साठवले गेले होते. संगणकात पाहिले, नाही. दुसऱ्या तबकडीत पाहिले, नाही. त्या दोन दिवसांत मला वडिलांच्या त्या चित्राची वारंवार आठवण झाली. वडिलांपाशी कात्री होती, आणि डावीकडची पट्टी कापून टाकणे त्यांना सहज शक्य होते. ते चिडले, पण त्यांनी कापली नाही. कदाचित छापाला दिलेले पैसे आठवले असतील. तिसऱ्या दिवशी टेबलाच्या खणात, बिघडले म्हणून बाजूला टाकलेले कॅमेऱ्याचे एक जुने कार्ड सापडले. दुकानातील मुलाने खटपट करून ते वाचले आणि त्यात चारही चित्रे जशीच्या तशी निघाली.

म्हातारा होता. डोक्याला पंचा, खाली झुकलेली नजर, दातांत धरलेला सुंभाचा तुकडा. उजवा अर्धा चेहरा चारही चित्रांत चौकटीबाहेर होता. मी चार वेळा कळ दाबली आणि चारही वेळा त्याला तेथेच कापले, यावरून मी काय पाहत होतो आणि काय नव्हतो ते स्पष्टच होते. दुकानातील मुलगा म्हणाला, ‘अंकल, काळजी कशाला? उरलेला चेहरा आता संगणक पुरा करून देतो. कळणारसुद्धा नाही.’ त्याने लगेच करूनही दाखवले. पडद्यावर एक पूर्ण, प्रसन्न, दोन्ही डोळ्यांनी खाली पाहणारा वृद्ध अवतरला. खरोखर कळत नव्हते.

असल्या गोष्टींविषयी माझे मत कडक आहे आणि या सदरात मी ते पूर्वी मांडलेही आहे. परंतु त्या वेळी मला वाटले, की हे मत चालवण्याचा अधिकार मला येथे नाही. सासरा तिचा, भिंत तिची. मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून तिला अर्धा म्हातारा देणार आणि स्वतः समाधानाने घरी येणार, हे काही बरे दिसेना. म्हणून मी दोन्ही चित्रे छापून घेतली आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवली.

पुऱ्या चेहऱ्याचे चित्र तिने उचलले, कांदेवाल्याला दाखवले आणि दोघेही हसू लागली. मी कारण विचारले. ती म्हणाली, हा डोळा यांचा नव्हेच. त्या डोळ्यात फूल पडले होते. कित्येक वर्षांपासून तो पांढरा होता, म्हणून ते नेहमी त्या बाजूला भिंत करून बसत, लोकांना दिसू नये म्हणून. मशीनला ते कसे कळणार?

तेव्हा तो चौकटीबाहेर राहिला त्यात सगळाच दोष माझा नव्हता, असे क्षणभर मनाशी म्हणून घेतले. पुऱ्या चेहऱ्याचे चित्र तिने मला परत केले. अर्ध्या चेहऱ्याचे ठेवून घेतले. त्याच्या पुसट हाताकडे बोट करून ती म्हणाली, की जुड्या बांधताना त्यांचा हात असाच चाले, दिसतच नसे. ज्या पुसटपणाला मी बिघाड समजून छाटले होते, त्यात तिला तो ओळखू आला होता.

आता थोडे व्यवहाराचे सांगतो. जुन्या काळ्या-पांढऱ्या छापांची प्रतिमा चांदीची असते. धुताना हायपो नीट निघाला असेल तर ती तुमच्या नातवंडांनाही पुरेल, राहिला असेल तर पिवळी पडेल. साधारण १९७० ते १९८० च्या सुमाराचे रंगीत छाप मात्र अंधारात ठेवूनही विटतात. त्यांतील निळसर रंग आधी जातो आणि सगळे कुटुंब तांबडे दिसू लागते. त्यांची आताच नक्कल करून ठेवा. फोनमधील चित्रांपैकी वर्षाकाठी पंधरा-वीस निवडून कागदावर उतरवा आणि मूळ चित्रावर कधीही छाटणी करू नका, छाटायची असेल तर प्रतीवर करा. ज्यांना विचारता येईल अशी वडील माणसे घरात आहेत तोवर कडेचा हात कोणाचा ते विचारून घ्या. आणि छापाच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गाव, वर्ष लिहा. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूस उतरते.

हेच मी त्या दिवशीही मोठ्या ऐटीने करायला गेलो. ती म्हणाली, मागे त्यांचे नाव लिहून द्या, पोरांना पुढे कळायला हवे. तिने नाव सांगितले, गाव सांगितले, शिवनाथ नदीच्या कोणत्या काठाचे तेही सांगितले. मी गुडघ्यावर चित्र पालथे घालून खिशातील पेन्सिल काढली. आजच्या छापाच्या कागदावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. पेन्सिल नुसतीच घसरत राहिली, एक अक्षर उमटेना. शेवटी कांदेवाल्याने कानावरचे हिशेबाचे बॉलपेन काढून दिले. त्याने लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत ती ते चित्र लाल भाजीच्या ढिगावर पालथे धरून बसून राहिली.